बाबांचं ‘आमच्याकडे’

बाबा तुरुंगातून सुटून आले आणि आमच्या घरात सासुरवाशिणीसारखे राहू लागले. हे म्हणणं आईचं. ती सिन्नरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, जे दिसे ते बोलून मोकळी होई. पण यात तिने पदरचं काही घातलं नव्हतं. बाबा पहाटे उठून अंथरूण-पांघरुणाची इतकी नेटकी घडी घालत की त्यावर पुन्हा कुणी झोपणारच नाही असं वाटावं. जेवण झालं की आपलं ताट आपण घासून भिंतीशी उभं करून ठेवत. तहान लागली तर माठाजवळ जाऊन उभे राहत आणि “पाणी घेऊ का?” म्हणून विचारत. दार लोटलेलं असलं तर त्याच्यापुढे नुसते थांबत, कुणीतरी येऊन उघडेपर्यंत. एकदा न्हाणीघरात आतून कडी घातलेली असताना ते असेच कितीतरी वेळ उभे राहिले. शेवटी आई बाहेरून म्हणाली, “अहो, कडी तुमच्याच बाजूला हाय. काढा आणि या बाहेर, भाकरी निवाय लागली.” बाबा बाहेर आले ते हसतच, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्यांनी गुन्हा काय केला होता, तर आणीबाणीविरुद्धचं एक पत्रक वाटलं होतं. बाबा शाळेत मराठी शिकवायचे. पत्रक लिहिणारा दुसराच कुणी होता, बाबांकडे ते फक्त वाटायला आलं. पण त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्यांना बघवेनात. म्हणून वाटायच्या आधी एकेक प्रत पुढ्यात घेऊन त्यांनी ती लाल शाईने सुधारली. पोलिसांना अक्षर ओळखायला काही कष्ट पडले नाहीत, अर्ध्या नाशकातल्या पोरांच्या निबंधांवर तेच अक्षर होतं. तुरुंग नाशिकरोडला, म्हणजे आमच्या गावातच. आम्ही राहायचो गंगापूर रस्त्याच्या अलीकडे, दोन खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी. गावातल्या गावात माणूस किती लांब जाऊ शकतो ते मला त्या काळात कळलं. भेटीला जायचो तेव्हा मध्ये जाळी असायची, आणि बाबा प्रत्येक वेळी आधी हेच विचारायचे, “आज काय केलंय जेवायला?” आई सांगायची, आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मामा सिन्नरहून एसटीच्या टपावर टाकून बाजरी आणायचा, त्यावर आमचं भागलं. मग निवडणुका झाल्या, सगळे सुटले तसे बाबाही सुटले, शाळेने त्यांना परत घेतलं आणि शेजाऱ्यांनी पेढे वाटले. आम्हाला वाटलं, संपलं सगळं.

संपलं नव्हतं हे आम्हाला त्यांच्या एका शब्दावरून कळत गेलं. आई आमटी वाढायला लागली की बाबा म्हणत, “आमच्याकडे आमटी पातळ असायची. भाताबरोबर बरी जायची.” दिवेलागण झाली की म्हणत, “आमच्याकडे या वेळेला कुलपं लागायची.” मी परवचा म्हणायला बसले की म्हणत, “आमच्याकडे एक जण असाच नाकात म्हणायचा.” आमच्याकडे म्हणजे बराकीत. नवी सून सासरी येते आणि चार महिने तिच्या तोंडी ‘आमच्याकडे पुरणाला असं करतात, आमच्याकडे लोणचं तसं घालतात’ असं चालूच असतं, आणि मग सासू एक दिवस तिला सुनावते, तशातलीच गत. आई सुरुवातीला तोंडाला पदर लावून हसायची. “झालं, यांचं माहेरचं पुराण सुरू,” म्हणायची. गॅलरीतल्या बायकांनाही तिने सांगून टाकलं होतं, त्याही विचारायच्या, “काय म्हणतंय मास्तरांचं माहेर?” बाबा चिडत नसत. उलट एखाद्या दिवशी स्वतःच म्हणत, “आज माहेरची फार आठवण येतेय हो.”

मग एका रविवारी आईने हुलग्याचे शेंगोळे केले. जाळीपलीकडून बाबांनी कितीदा तरी विचारलं होतं की शेंगोळे केले होते का, आणि ते तुरुंगात असेपर्यंत आईने एकदाही केले नव्हते. त्या दिवशी सकाळपासून ती पाटावर वळत बसली होती, लसणाच्या फोडणीचा वास खालच्या मजल्यापर्यंत गेला होता. बाबांनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि अगदी खुशीत येऊन म्हणाले, “आमच्याकडे हे मिळालं असतं ना, तर भांडणं झाली असती पंगतीत.” आईने डाव पातेल्यात सोडून दिला. “आन् हे कुणाकडं हाय मग?” ती म्हणाली. बाबा म्हणाले, “तसं नव्हे गं.” आईने त्यांना आणखी शेंगोळे वाढले, स्वतः मात्र त्या दिवशी नुसती भाकरी आणि चटणी खाल्ली. त्यानंतर माहेरची थट्टा आमच्या घरात बंद झाली.

मी तेव्हा नववीत होते आणि बापाची मुलगी होते, त्यामुळे मी व्याकरणाकडून गेले. म्हटलं, “बाबा, तुम्ही ‘आपल्याकडे’ म्हणत जा ना, म्हणजे आईला बरं वाटेल.” बाबांनी चष्मा काढला. वर्गातला प्रश्न आला की ते असा चष्मा काढत. म्हणाले, “आपल्याकडे कसं म्हणू? ‘आपण’ म्हणजे ऐकणाऱ्यालाही धरून. ‘आम्ही’ म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून. तू होतीस का बराकीत? नव्हतीस. मग आमच्याकडेच बरोबर.” व्याकरण चोख होतं. मी गॅलरीत जाऊन रडले. मला कुठल्या बराकीत जायची हौस होती अशातला भाग नाही, पण बापाच्या ‘आपण’मध्ये बसायचं होतं, आणि तिथे जागा नव्हती. आज साठी उलटून गेल्यावरही ‘आम्ही’ म्हणणारं माणूस समोर आलं की मी आधी बघते, यात मी आहे की नाही.

त्याच वर्षी बाबा लिहायला लागले. त्यांची लिहायची रीत वेगळी होती आणि ती तुरुंगातच तयार झालेली. आत त्यांना बरेच दिवस कागद मिळाला नव्हता. मग कुलपं लागल्यावर ते बराकीतल्या लोकांना तोंडाने गोष्टी सांगायचे. आज सांगितलेलं उद्या थोडं बदलून सांगायचे, लोक हसले तिथे थांबायचे, लोक गप्प झाले ते लक्षात ठेवायचे, आणि असं घोळवून घोळवून ते पक्कं व्हायचं. घरी आल्यावरही त्यांना तसंच लागे. रात्रीची भाकरी थापायच्या वेळेला ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसत आणि बराकीतलं एकेक माणूस आम्हाला सांगत. तव्यावर भाकरी फुगायची, आई ऐकत ऐकत उलटायची. दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी तेच ते कागदावर उतरवत, आणि मी चहा घेऊन गेले की मला म्हणत, “काल तू कुठे हसलीस ते सांग.” आम्हाला बराक ठाऊक नव्हती म्हणून त्यांना आम्ही ऐकणारे मिळालो होतो. सांगायचं कुणाला, तर ज्याने पाहिलं नाही त्याला, असं त्यांचं साधं गणित होतं. त्यातून त्यांचं पहिलं पुस्तक झालं. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना ते माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना त्याची आता प्रतही मिळणार नाही. पण त्या वेळी ते गाजलं. बाबांना व्याख्यानांची बोलावणी यायला लागली, गंगेवर, म्हणजे गोदेच्या काठी, बुधवारच्या बाजारात भाजी घ्यायला गेलो तरी कुणीतरी थांबवून हात जोडायचं.

आईने ते पुस्तक दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर तिने ते फडताळात ठेवलं आणि मला म्हणाली, “यात खिडकीतल्या चिमणीलासुद्धा जागा हाय. आपण नाय कुठं.” मी म्हटलं, ते तुरुंगाचं पुस्तक आहे ना. ती म्हणाली, “ते कळतंय मला. पण ते तिथं होते तवा आपण कुठंतरी असलोच की.” बाबांना ती हे बोलली नाही. मात्र पुढचं पुस्तक घराचं लिहा असं तिने एकदा सुचवलं, आणि बाबांनी खरोखर प्रयत्न केला. संध्याकाळी उंबऱ्यात येऊन बसले, “आपल्या घरात…” म्हणाले आणि आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहिले. आम्हाला सगळंच ठाऊक होतं. ते काय नवीन सांगणार होते आम्हाला? भाकऱ्या झाल्या, बाबा उठून गेले. असं पुष्कळ दिवस झालं. मग ते उंबऱ्यात बसायचेच बंद झाले, आणि घर पुन्हा मुकं झालं.

या सुमाराला एक दिवस सटाण्याचे दगाजीकाका आले. ते बराकीत बाबांच्या शेजारी झोपत, शेतकऱ्यांचा मोर्चा काढला म्हणून आत गेलेले. पुस्तकात ते आहेत. अंगाने दांडगे, आवाज मोठा, बोलणं अहिराणी, पिंपळगावला कांदा विकून परत जाताना वाट वाकडी करून आले होते आणि खांद्यावर आमच्यासाठी कांद्याची गोणी होती. आई त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला वहिनी. त्यांना जेवायला बसवलं. आमटी वाढली तशी ते हात थांबवून ताटाकडे बघतच राहिले आणि मग गडगडून हसले.

“वहिनी, हाईच ती आमटी शे ना? या मास्तरनी आमले बराकमा लय तरास दिधा. रोज एकच गाणं. आमच्याकडे आमटी अशी, आमच्याकडे भाकरी तशी, आमच्याकडे चिंच शेवटी घालतात. एक दिवस मी सांगं, मास्तर, आते ‘आमच्याकडे’ म्हणशी ते तुनं ताट मी खाई टाकसू.”

आईचा हात वाढता वाढता थांबला. “कुणाकडं म्हणायचे?”

“अहो, तुमनाकडे. घरना बिगर दुसरी गोष्ट नही या माणूसले. पंगतमा बसना की आमच्याकडे, झोपना की आमच्याकडे. आमले तुमनं घर पाठ व्हई गयं.”

बाबा मान खाली घालून भात कालवत होते. बराकीत होते तेव्हा त्यांचं ‘आमच्याकडे’ आम्ही होतो, आणि आमच्याकडे आले तेव्हा बराक झाली. मला ते ऐकून एकदम हसू आलं. आईला आलं नाही. ती त्या दिवशी फार हळूहळू वाढत होती, दगाजीकाकांना नको नको म्हणेपर्यंत. ताटं उचलून झाल्यावर ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “भाऊजी, यांना तुमच्याकडं घेऊन जा. मे महिन्याची सुट्टी हाय शाळेला. यांना काय लिहायचं ते तिथं लिहितील.” बाबा चमकले. म्हणाले, “मी काय करू सटाण्यात?” आई म्हणाली, “आमची आठवण काढा.” हे ती हसून म्हणाली, आणि लगेच त्यांची पिशवी भरायला आत गेली.

ते गेल्यावर घर पुन्हा तसंच झालं जसं तुरुंगाच्या काळात होतं. खुंटीवर सदरा नाही, ताटं दोन, संध्याकाळी उंबरा मोकळा. आई माझी वेणी घालता घालता म्हणाली, “मागं सरकारनं नेलं व्हतं. यावेळी मीच धाडलं. येड्यासारखं वाटतंय.” ती रोज त्यांच्या वाटणीची एक भाकरी जास्त थापून बसायची आणि मग ती गॅलरीच्या टोकाला येणाऱ्या गाईला घालायची. पुस्तकात यायचं म्हणून तिने त्यांना घराबाहेर काढलं होतं, आणि ते घराबाहेर गेल्यावर पुस्तकात कशाला यायचं होतं तेच तिला आठवेना. उकाडा वाढत चालला होता. दगाजीकाका पिंपळगावला कांदा घेऊन यायचे आणि एखाद्या टेम्पोवाल्याबरोबर निरोप धाडायचे, मास्तर लिहितोय, लय लिहितोय. निरोप ऐकून आई आनंदाने गूळपाणी द्यायची, आणि टेम्पोवाला गेला की गॅलरीत उभी राहून रस्त्याकडे बघत बसायची.

मध्यंतरी एक मुलगी माझ्याकडे आली होती, बाबांच्या लिखाणावर काही प्रबंध वगैरे करते आहे. हुशार होती, मोबाइल टेबलावर ठेवून माझं बोलणं टिपत होती. तिने विचारलं की बाबांचं दुसरं पुस्तक अर्धवट राहिलं याचं कारण तुरुंगवासाचा मनावर झालेला आघात असावा असं सगळे म्हणतात, तुम्हाला काय वाटतं? मी तिला चहा दिला आणि म्हटलं, असेल बाई. कारण खरं कारण सांगायला बसले असते तर तिला सटाण्याच्या एसटीत बसवून न्यावं लागलं असतं.

कारण जून लागायच्या आत आई उठली आणि म्हणाली, चल. आम्ही सीबीएस स्टँडवरून सटाण्याची गाडी धरली. पिंपळगाव, चांदवड, देवळा, सगळीकडे कांद्याने भरलेल्या गाड्या आणि तोंडावर गरम वारा. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर शेंगोळ्यांचा डबा. फाट्यावर उतरून आम्ही दगाजीकाकांच्या मळ्यापर्यंत चालत गेलो. दारात त्यांच्या घरच्या, सरूकाकू, सुपात काहीतरी पाखडत होत्या. आम्ही त्यांना आणि त्यांनी आम्हाला आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या सूप टाकून उठल्या, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, “नंदा ना व तू, माय? तुले भाकरना पापुद्रा आवडस ना? ये, तव्यावरच शे.” मग आईकडे वळून, “वहिनी, तुम्ही फोडणी देताना गुणगुणतस, आन् कोणी बघं की बंद करतस. खरं शे ना? मास्तर रोज दिवा लावाना टाइमले सांगस आमले.”

आई गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. म्हणजे कानावर पडत असणार, पण माहीत नव्हतं. तिचा चेहरा लाजून लाल झाला होता, लग्नाच्या फोटोत आहे तसा. ओट्यावर बसलेल्या चारपाच बायका, पोरं, गडी, सगळे आमच्याकडे जत्रेत भेटलेली माणसं ओळखीची निघावीत तसे बघत होते. त्यांना आमची गॅलरी ठाऊक होती, माठ ठाऊक होता, मी परीक्षेच्या दिवशी दही खायला नाही म्हणते हेसुद्धा ठाऊक होतं. आम्ही नाशकात बाबांच्या एका शब्दासाठी तरसत होतो, आणि इथे आमचं घर रोज संध्याकाळी वाटलं जात होतं. मला आनंदही झाला आणि हेवाही वाटला, दोन्ही एकाच वेळी.

बाबा मागे कांदाचाळीच्या, म्हणजे कांदा साठवायच्या छपराच्या, सावलीत बाज टाकून बसले होते, मांडीवर पाट, पाटावर कागद. आम्हाला बघून ते उठलेच नाहीत, इतके चकित झाले. मग आईला त्यांनी बाजेवर बसवलं आणि म्हणाले, “ऐक.” तिथल्या तिथे, उन्हातून आलेल्या माणसाला पाणीसुद्धा न विचारता, त्यांनी तिच्यावरची पानं वाचून दाखवली. बाबांनी इतकं चांगलं त्याआधी लिहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. आईची सकाळ होती त्यात. चूल, तिच्या बांगड्या मागे सारायची लकब, भाकरी उलटताना ती बोटं कशी मागे घेते ते, आणि कुणी ऐकत नाही असं समजून ती जे गुणगुणते ते. आई पदराचं टोक तोंडात धरून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसतही नव्हती. वाचून झाल्यावर बाबांनी विचारलं, “कसं आहे?”

“लय चांगलं हाय,” आई म्हणाली. “यातली बाई मला आवडली. पण ती एकटी हाय हो.”

“एकटी कशी? नंदा आहे, शेजारीण आहे…”

“तुम्ही कुठं हायत यात?”

बाबांनी कागद चाळले. मला आठवतं, त्यांनी खरोखर शोधलं. उंबरा होता, उंबऱ्यावर कुणी नव्हतं. गॅलरी होती, तिथली त्यांची खुर्ची रिकामी होती. घर अगदी होतं तसं त्यांनी उतरवलं होतं, पण जाळीच्या पलीकडून बघणाऱ्याने उतरवावं तसं. आई म्हणाली, “असल्या घरात मी एकदा दिवस काढलेत. पुन्हा नाय काढायचे मला, पुस्तकातसुद्धा नाय. राहू दे हे. घरी चला.”

पुस्तक अर्ध्यावर होतं आणि घरी गेल्यावर ते पुढे सरकणार नाही हे त्या दोघांनाही कळत होतं. दगाजीकाका लांब उभे होते. मग बाबांनी शेंगोळ्यांचा डबा आईच्या हातातून घेतला, उघडून वास घेतला आणि म्हणाले, “जेवून निघू.” पेनाला टोपण लावलं. मी कागद गोळा करत होते, म्हणून सगळ्यात वरचं पान मी पाहिलं. आम्ही येण्याच्या जरा आधीच त्यांनी नवं प्रकरण सुरू केलं होतं. ‘आमच्याकडे एक मुलगी आहे. ती’ एवढंच होतं. पुढे पूर्णविरामही नाही, जागा मोकळी.

बाबा घरी आले ते मग खरंच घरी आले. एकदम नाही, हळूहळू. दारं उघडायला लागले, माठातून विचारल्यावाचून पाणी घ्यायला लागले, आमटीला नावं ठेवायला लागले. आईशी भांडायला लागले, ते ऐकून आम्हाला हायसं वाटलं. एक दिवस पाहुण्यांना म्हणाले, “आमच्याकडे द्राक्षं या वेळेला स्वस्त होतात,” आणि ते नाशिक होतं. लिहिणं मात्र सुटलं ते सुटलंच. अधूनमधून एखादा लेख, कुणाच्या पुस्तकाला प्रस्तावना, बाकी मुलांचे निबंध. लोक विचारायचे, दुसरं पुस्तक कधी? आई आत निघून जायची. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण पुन्हा तसा प्रसंग आला असता तर तिने पुन्हा तेच केलं असतं, आणि बाबाही निमूट पिशवी भरून निघाले असते.

अडकून राहिले ती मी. आईला तिची पानं मिळाली, ती तिने अखेरपर्यंत उशाशी ठेवली. माझ्या वाट्याला एक वाक्य आणि एक ‘ती’. मी किती तऱ्हेने त्यांना विचारलं. जेवताना विचारलं, आजारी असताना विचारलं, लाडात येऊन विचारलं. ती काय, बाबा? ‘ती’च्या पुढे काय होतं? ते म्हणायचे, “अगं, तू समोर आहेस की. समोर असलेल्या माणसाचं काय लिहायचं?” मला राग यायचा. आपला बाप आपल्याला कसा बघतो हे ज्या मुलीला कधीतरी वाचायला मिळणार होतं आणि मिळालं नाही, तिला दुसऱ्या कशाने समाधान होत नाही. आजही होत नाही. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली, मी अजून तो कागद काढते आणि त्या मोकळ्या जागेकडे बघते, आणि मला बाबा हवे असतात, लिहिणारे बाबा, सटाण्याच्या त्या बाजेवर बसलेले, माझ्यापासून लांब.

पदवी झाल्यावर मला नागपूरचं एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, आईला पसंत. मीही नाही म्हणाले नव्हते, आणि खरं सांगायचं तर त्यात माझा एक चोरटा विचारही होता. बाबा गॅलरीत खुर्चीवर बसून निबंध तपासत होते. मी कठड्याला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, “बाबा, नागपूर लांब आहे.”

“हो, आहे खरं.”

“मी लांब गेले तर तुम्ही माझं प्रकरण पुरं कराल.” मी थट्टेवारी नेत होते, पण बघत होते रस्त्याकडे.

बाबांनी चष्मा काढला. “करीन की,” ते म्हणाले. “फार चांगलं लिहीन. सगळं तयार आहे डोक्यात, तू गाडीत बसलीस की सुरू.” मग त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि निबंध पुढे ओढला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. त्यांची लाल शाई एकदाही कागदाला लागली नाही. थोड्या वेळाने वर न बघताच ते म्हणाले, “नको जाऊस.”

मी गेले नाही.